गुरुवारच्या एकवीस सुया

१९९५ सालच्या ‘कालनिर्णय’ची जून ते नोव्हेंबर अशी सहा पाने माझ्या ट्रंकेत, लग्नाच्या पांढऱ्या साडीच्या घडीखाली, अजून जपून ठेवलेली आहेत. त्यांवर एकवीस गुरुवारांभोवती निळ्या शाईची वर्तुळे आहेत. पहिले वर्तुळ १५ जूनचे, शेवटचे २ नोव्हेंबरचे. त्या शेवटच्या वर्तुळाशेजारी मी शिक्षिकेच्या सवयीने ‘पूर्ण’ असा शेरा मारला होता. अठ्ठावीस वर्षे मी ही पाने माझ्या मुलीच्या जन्मदाखल्याइतकीच मोलाची मानली. तिच्या जन्माचे सारे श्रेय देवाच्या खालोखाल मी त्या एकवीस गुरुवारांना देत आले. २०२३ सालच्या पवित्र आठवड्यात त्या समजुतीला तडा गेला.

आळे हे जुन्नर तालुक्यातले गाव. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी इथे आहे, म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक. आणि पुणे-नाशिक व कल्याण-नगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात, म्हणून एस.टी.ने हिंडणाऱ्या सर्वांनाच ठाऊक. आम्ही मूळचे संगमनेरकडचे. हे नारायणगाव आगारात वाहक होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमच्या गल्लीत कॅथलिक घर आमचे एकटेच. नाताळ, पुनरुत्थानाचा सण अशा मोठ्या दिवशी आम्ही मिस्सासाठी संगमनेर गाठायचो; एरवी सासूबाईंची संध्याकाळची जपमाळ हेच आमचे देऊळ.

१९९३ हे किल्लारीच्या भूकंपाचे वर्ष. त्या नोव्हेंबरात मला सातवा महिना लागला होता. दुसरीच्या वर्गावर पाढे घेत असताना एकाएकी पाणी गेले. दुखले खुपले काहीच नव्हते, त्यामुळे काय झाले हे कळायलाही वेळ लागला. जवळच्या एका दवाखान्यात नेले. दिवेलागणीला मुलगा झाला. जेमतेम किलोभर वजनाचा. रडला, पण ते रडणे मांजराच्या पिलासारखे होते, आणि प्रत्येक श्वासागणिक त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. काचेची पेटी तिथे नव्हती. ती पुण्याला, नव्वदेक किलोमीटरवर. जीप येईपर्यंत सासूबाईंनी तांब्यातले पाणी हातावर घेतले आणि त्याच्या कपाळावर तीनदा सोडून त्याला बाप्तिस्मा दिला. प्राणावर बेतले असता हे कोणीही करू शकते, हे त्यांना लहानपणी मिशनच्या शाळेत शिकवले होते. पण ते ज्ञान आपल्याच नातवासाठी कामी येईल, असे त्यांना वाटले नसणार. खेडच्या घाटात बाळ गेले. जीप तिथूनच मागे वळली.

मी कोणाला दोष देत नाही. त्या रात्री तिथे जे होते, नव्हते, ते सगळ्यांच्याच वाट्याचे होते.

पुढच्या वेळी दिवस गेले ते १९९५ साली. तालुक्यातल्या एका डॉक्टरबाईंनी आधीची हकिगत ऐकली आणि सांगितले, की चौथ्या महिन्यापासून दर आठवड्याला एक संप्रेरकाचे इंजेक्शन घ्यायचे, नववा लागेपर्यंत. त्याने पिशवी शांत राहते. औषध आळेफाट्यावरच्या मेडिकलमधून आणायचे आणि टोचायला उपकेंद्रातल्या सिस्टर घरी यायच्या. त्यांना गुरुवार सोयीचा होता, म्हणून गुरुवार.

सिस्टर लुनावरून येत. सुई उकळायला आमचे चहाचे पातेले लागे. औषधाची काचेची कुपी त्या आधी दोन्ही तळव्यांत धरून चोळत, कारण आतले औषध तेलकट, दाट असे आणि थंड असले की सुईतून पुढे सरकत नसे. टोचल्यावर कमरेखाली सुपारीएवढी गाठ येई आणि मंगळवारपर्यंत दुखे. सासूबाई तव्यावर गरम केलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेक देत. ते तेल म्हणजे एरंडेल होते, हे मला फार पुढे कळले. कळले तेव्हा हसू आले. दिवस भरूनही कळा येईनात तर आमच्या आज्या जे पाजत, त्याच एरंडेलात कळा थांबवायचे औषध विरघळवलेले होते.

सुई दोन मिनिटांची. पण सिस्टर अर्धा तास बसत. पोटावर हात ठेवून बाळाचा अंदाज घेत, घोट्यापाशी बोट दाबून सूज पाहत, डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त पाहत. पहिल्याच गुरुवारी त्यांनी ओसरीवरच्या हंड्याकडे बोट दाखवून ह्यांना विचारले, “पाणी कोण भरतं?” त्यानंतर पाणी हे भरू लागले. वाहकाने डोक्यावर हंडा घेतलेला पाहून गल्लीत दोन दिवस चेष्टा झाली. २१ सप्टेंबरचा गुरुवार तर सगळ्या देशाच्या लक्षात आहे. गणपती दूध पितो अशी वार्ता त्या दिवशी गावोगाव पसरली आणि वाट्या-चमचे घेऊन निघालेल्या गर्दीतून वाट काढीत सिस्टर दोन तास उशिरा आल्या. त्या दोन तासांत माझा जीव टांगणीला लागला होता. एक सुई चुकली की बाळ गेले, असे माझ्या मनाने घेतले होते.

शेवटचा गुरुवार २ नोव्हेंबर. मृतांच्या स्मरणाचा दिवस. सकाळी गेलेल्या बाळासाठी मेणबत्ती लावली आणि दुपारी असलेल्या बाळासाठी सुई घेतली. बारा-तेरा दिवसांनी मुलगी झाली. पावणेतीन किलोची, खणखणीत रडणारी. पुढच्या सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन आपला नवस फेडला. मी मात्र मनातल्या मनात आणखी एक नवस फेडत होते, तो म्हणजे त्या तेलकट औषधाचा. त्यानंतरच्या वर्षांत शाळेतल्या, नात्यातल्या चार बायकांना मी स्वतः होऊन सांगितले, “आधीचे गेले असेल तर ते गुरुवारचे इंजेक्शन घे. माझी मुलगी पाहा.” जिवंत, चालते-बोलते प्रमाण समोर असताना कोण नाही म्हणेल?

हे औषध म्हणजे काय, हे मुलीमुळे कळले. ती औषधनिर्माणशास्त्र शिकली आणि पुण्यात एका औषध कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली. आईच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक असते. गर्भ राहिल्यावर आधी अंडाशय आणि नंतर वार ते तयार करते. गर्भाशयाच्या स्नायूला ते नऊ महिने निजवून ठेवते आणि पिशवीचे तोंड घट्ट मिटलेले ठेवते. १९३४ साली ते शुद्ध रूपात हाती लागले. पण थेंबभर मिळवायला जनावरांची ढीगभर अंडाशये लागत. मग १९४०च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोच्या रानातल्या एका कंदापासून ते बनवण्याची युक्ती काढली. तो कंद आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला. माझ्या सुईत होते ते या संप्रेरकाचे प्रयोगशाळेत थोडे बदललेले रूप, आठवडाभर शरीरात टिकावे असे. निजलेल्याला निजवून ठेवणारे द्रव्य वरून थोडे आणखी द्यायचे, हा त्यामागचा विचार. विचार इतका सरळ आहे, की तो खराच असणार असे वाटते.

२०२३च्या मार्चअखेर मुलीला विसावा आठवडा होता. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी चौदा मिलिमीटर भरली. या दिवसांत ती तीन-चार सेंटिमीटर असायला हवी. पंचवीस मिलिमीटरच्या खाली गेली की डॉक्टर सावध होतात. तिला पुण्याच्या डॉक्टरांनी रोज रात्री योनिमार्गात ठेवण्याची दोनशे मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजू म्हणून सांगितले. पवित्र आठवड्यात जावयांनी तिला आमच्याकडे आणून सोडले. मी ट्रंक उघडली, कालनिर्णयची पाने तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “कॅप्सूल कसल्या ठेवता? डॉक्टरांना सांग, आईला दिलेली सुईच द्या.”

ती काही बोलली नाही. शनिवारी संध्याकाळी, पुनरुत्थानाच्या जागरणाला निघण्याआधी, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आई, तुझी ती सुई अमेरिकेने परवा बाजारातून काढली.” परवा म्हणजे ६ एप्रिल. पवित्र गुरुवार. मला वाटले, काही विषारी निघाले असेल. “नाही,” ती म्हणाली, “तिचा उपयोग होत नाही म्हणून.”

पुढे आठवडाभर तिने मला ती सारी कथा तुकड्यातुकड्याने सांगितली. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवलेली बाई. आकडे मला समजतात, पण इथे ते माझ्या पोटाशी येऊन भिडत होते. २००३ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांचे आधीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले अशा ४६३ स्त्रिया. काहींना दर आठवड्याला हीच सुई, काहींना औषधाविना नुसत्या तेलाची सुई, आणि कोणाला काय मिळते हे कोणालाच ठाऊक नाही. औषधवाल्यांत शंभरांपैकी सुमारे छत्तीस जणी सदतीस आठवडे पुरे होण्याआधी बाळंत झाल्या, तेलवाल्यांत सुमारे पंचावन्न. एवढा फरक पाहून २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुईला परवानगी दिली. अट एवढीच, की आणखी मोठा अभ्यास करून हे पक्के करावे. (परवानगी मिळताच दहा-वीस डॉलरला तयार करून मिळणारी ती सुई एका कंपनीने दीड हजार डॉलरला विकायला काढली होती. यावर तिकडे रण माजले आणि किंमत उतरवावी लागली. लोभाला देशाची सीमा नसते, एवढेच म्हणते.) दुसरा अभ्यास २०१९ साली बाहेर आला. रशिया, युक्रेन, अमेरिका अशा देशांतल्या १७०८ स्त्रिया. पस्तिसाव्या आठवड्याआधी बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण सुईवाल्यांत शंभरांत अकरा, तेलवाल्यांत साडेअकरा. म्हणजे फरक नाहीच. मग चार वर्षे वाद चालला आणि शेवटी त्या गुरुवारी परवानगी गेली.

“म्हणजे मी वेडी का गं?” मी विचारले. तिने माझ्याच वहीवर मला हिशेब मांडून दाखवला. आधीचे बाळ लवकर झालेल्या शंभर जणी घेतल्या, तर तिथे नुसते तेल टोचूनही अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद जणींनी पस्तिसावा आठवडा ओलांडला. “तू त्यांच्यातली, आई. तू सुई घेतलीस आणि मी राहिले, हे दोन्ही खरे आहे. पण सुई घेतली म्हणून मी राहिले, हे कशावरून?”

मला राग आला. सुईचा नाही, मुलीचा. जे आपल्या अंगावर घडले त्याविषयी रशियातल्या बायकांनी साक्ष द्यावी, हे मला रुचेना. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण त्या दोन दिवसांत मला माझ्या त्या चार बायका आठवत राहिल्या, ज्यांना मी सुई घ्यायला सांगितले होते. तिघींची मुले आज मोठी आहेत. चौथीचे सहाव्या महिन्यातच गेले होते. तेव्हा मी मनाशी म्हटले होते, हिने एखादा गुरुवार चुकवला असणार. त्या दुःखी बाईला मी हे बोलून दाखवले नाही, पण मनात का होईना तिलाच दोषी धरले. त्या रात्री जपमाळ हातात घेतली तरी तोंडातून शब्द निघेना.

आणि मग वेगळीच भीती. मुलीच्या पुस्तकांत स्टिलबेस्ट्रॉल नावाच्या औषधाची हकिगत मी पूर्वी वाचली होती. हे निराळ्या जातीचे, कृत्रिम संप्रेरक. १९३८ साली इंग्लंडात तयार झाले, आणि गर्भपात व अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण टळावे म्हणून १९४०च्या दशकापासून अमेरिकेत लाखो गर्भवतींना दिले गेले. १९५३ साली शिकागोत सोळाशेहून अधिक स्त्रियांवर नीट अभ्यास झाला आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही असे दिसले. तरी डॉक्टर ते देतच राहिले, आणखी अठरा वर्षे. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांना कोवळ्या मुलींत योनिमार्गाचा एक अतिदुर्मीळ कर्करोग आढळला. जवळजवळ प्रत्येकीच्या आईने गरोदरपणी हे औषध घेतले होते. पुढे असेही दिसले, की अशा मुली मोठ्या झाल्या तेव्हा त्यांचीच बाळंतपणे अपुऱ्या दिवसांत होऊ लागली. आईचे बाळंतपण लांबावे म्हणून घेतलेल्या औषधाने मुलीचे आखूड केले. मी मुलीला विचारले, “तुझ्या पिशवीचे तोंड असे आखूड झाले, ते माझ्या सुयांनी तर नाही?” माझ्या सुईने असे काही होते, असे आढळलेले नाही, असे ती ठामपणे म्हणाली. तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला मात्र त्या दिवशी हात मागे घ्यावासा वाटला.

रात्रीच्या कॅप्सूलविषयी तिला इतका भरवसा का, हेही मी विचारलेच. तोच संप्रेरक, मग तो सुईने चालत नाही आणि कॅप्सूलने कसा चालतो? ती म्हणाली, औषध तेच नाही, जागाही तीच नाही आणि बाईही तीच नाही. सुईत बदललेले रूप होते. कॅप्सूलमध्ये शरीरात असते तेच. आणि ही कॅप्सूल सरसकट प्रत्येक गर्भवतीसाठी नाही. सोनोग्राफीत गर्भाशयमुख आखूड दिसलेल्यांना तिचा उपयोग दिसतो. २००७ साली लंडनच्या डॉक्टरांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांसह पंधरा मिलिमीटर वा त्याहून कमी लांबीच्या अडीचशे स्त्रियांवर ती वापरून पाहिली होती. चौतिसाव्या आठवड्याआधी बाळंत होणाऱ्या रिकामी कॅप्सूल घेणाऱ्यांत शंभरांत चौतीस निघाल्या, खरी घेणाऱ्यांत एकोणीस. पुढच्या अभ्यासांनीही हाच कल दाखवला. २०२१ साली एकतीस अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही.

यावेळी वहीवरचा हिशेब मी स्वतः मांडला. शंभर जणी. सहासष्ट औषधाविनाही सुखरूप पुढे जातील. एकोणीस औषध घेऊनही लवकर बाळंत होतील. मधल्या पंधरा जणींचे बाळ या कॅप्सूलमुळे पोटात राहील. आणि त्या पंधरांपैकी एकीलाही आपण त्या पंधरांतल्या आहोत हे कधी कळणार नाही. ती आणि सहासष्टांतली बाई शेजारीशेजारी बसून आपापल्या मुलाला भरवतील. दोघी औषधाचे सारखेच गुण गातील.

डॉक्टरांनी टाक्याचीही शक्यता बोलून ठेवली होती. तोंड आणखी उघडते आहे असे दिसले तर पाहू, म्हणून. तो टाका आपल्याकडचाच. गोव्यातल्या शिरोड्याला १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी तो १९५५ साली जगापुढे मांडला. बाईच्याच मांडीतली चिवट पट्टी काढून त्यांनी तिने गर्भाशयमुख आवळून बांधले. जगभरच्या प्रसूतिगृहांत आजही ‘शिरोडकर’ हा शब्द क्रियापदासारखा वापरतात, असे मुलगी सांगते. ते नाव माझ्या मुलीच्या कागदावर लिहावे लागले नाही. दोन आठवड्यांनी लांबी तेवढीच होती. चार आठवड्यांनीही.

एकतिसाव्या आठवड्यात कळा आल्या. जूनची पहिली उकाड्याची रात्र होती. जावयांचा फोन आला, आणि आम्ही दोघे पहाटेच्या गाडीने पुण्याला निघालो. खेडच्या घाटात मी डोळे मिटून घेतले. तिथे पोचलो तो तिला डेक्सामेथासोनचे इंजेक्शन सुरू झाले होते. बारा तासांच्या अंतराने चार. हेही संप्रेरकाच्याच कुळातले, पण याचे काम बाळंतपण लांबवण्याचे नाही. बाळ लवकर आलेच तर त्याची फुफ्फुसे उघडावीत यासाठी ते असते. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाच्या डॉक्टरांनी मेंढ्यांवर प्रयोग करताना पाहिले, की दिवस भरण्याच्या फार आधी झालेली, खरे तर मरायला हवी होती अशी कोकरे श्वास घेत आहेत. १९७२ साली त्यांनी व त्यांचे सहकारी हॉवी यांनी स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तरी जगभरच्या डॉक्टरांनी ते अंगीकारायला पुढे वीस-बावीस वर्षे घेतली. अमेरिकेच्या तज्ज्ञांनी सर्वत्र द्या असे म्हटले ते १९९४ साली. औषधांचे असे विखुरलेले अभ्यास एकत्र करून तपासण्यासाठी इंग्लंडात कॉक्रेन नावाची संस्था स्थापन झाली आणि तिने आपले बोधचिन्हच या इंजेक्शनच्या अभ्यासांच्या आलेखावरून केले. पुरावा समोर असून वापरला नाही, म्हणून किती बाळे गेली, याची आठवण म्हणून. ती संस्था निघाली १९९३ साली.

ते साल मुलीच्या तोंडून ऐकले तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. जे औषध माझ्या मुलीला जन्म देण्यासाठी मी एकवीस वेळा घेतले त्याचा उपयोग नव्हता, आणि ज्याचा उपयोग होता ते काही रुपयांचे औषध माझ्या मुलापर्यंत पोचले नाही. पाणी गेले आणि बाळ झाले यात काही तासच गेले होते. तेवढ्यात ते कितीसे लागू पडले असते, हेही मला आता कळते. तरीही. २०१४ सालापासून आपल्या सरकारने उपकेंद्रातल्या सिस्टरांनाही पहिली मात्रा देऊन मगच बाईला पुढे पाठवण्याची मुभा दिलेली आहे. अपुऱ्या दिवसांची बाळे काही थोडीथोडकी नाहीत. २०२० साली आपल्या देशात ती सुमारे तीस लाख जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कळा थांबल्या. जुलैच्या मध्यावर, छत्तिसावा आठवडा पुरा झाल्यावर, मला नात झाली. दोन किलो तीनशे. पेटीची गरज लागली नाही. काही दिवस आईच्या छातीशी उघडी निजवून ठेवली, एवढेच. कॅप्सूल लागू पडली का? मी आता असे प्रश्न विचारत नाही आणि मुलगीही उत्तर देत नाही.

२०२४च्या उन्हाळ्यात तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. ती न सांगता राहू शकली असती. युरोपच्या औषध नियामकांनीही ती सुई थांबवली. उपयोग नाही हे एक कारण, आणि आईच्या पोटात असताना ज्यांना ते औषध पोचले त्यांच्यात पुढे कर्करोगाचा धोका वाढत असण्याची शक्यता, हे दुसरे. शक्यता आहे, सिद्ध झालेले नाही. “म्हणजे तू,” मी म्हणाले. “म्हणजे मी,” ती म्हणाली, “आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी. वर्षातून एकदा तपासणी करून घेते. तू ट्रंकेतली ती पाने फाडू नकोस. माझ्या डॉक्टरांना तारखा हव्या आहेत.”

त्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनाला संगमनेरला बाळाच्या मातीवर फुले ठेवून आल्यावर, आम्ही तिघी ओतूरला सिस्टरांकडे गेलो. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. गुडघे गेले आहेत, नजर शाबूत आहे. मुलीला पाहताच म्हणाल्या, “ही माझ्या सुईची.” वाटेत मी ठरवले होते, की काही सांगायचे नाही. पण ते शब्द ऐकले आणि गप्प बसणे मला खोटेपणाचे वाटले. मी सगळे सांगितले; दुसरा अभ्यास, परवानगी गेली ते, सगळे. फक्त युरोपचे तेवढे सांगितले नाही.

त्या बराच वेळ लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, त्या वर्षांत सात-आठ जणींना टोचली असेल मी. दोघींची तरी गेलीच. तुमची राहिली, ती मी तालुकाभर सांगत फिरले. त्या दोघींची कुणाला सांगितली नाहीत.” मुलगी म्हणाली, “सिस्टर, तुम्ही दर गुरुवारी यायचात. आईला पाणी भरू द्यायचा नाहीत.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी नातीला मांडीवर ओढून घेतले. तिचा घोटा दाबून पाहिला, खालची पापणी ओढली, हाताने वजनाचा अंदाज घेतला. मग चष्मा मागवला आणि म्हणाल्या, “लशीचं कार्ड आणलंय का?”

मुलीने पिशवीतून काढून दिले. त्या बोटाने एकेक ओळ वाचत खाली आल्या आणि एका रिकाम्या चौकोनावर थांबल्या.

“सोळा महिन्यांचा गोवराचा आणि त्रिगुणीचा राहिलाय. ह्याच महिन्यात देऊन टाका. तारीख लिहून घ्या.”